परदेशात आल्यावर ‘मला काहीच जमत नाही’ असं वाटत असेल, तर आधी पत्रपेटीवर तुमचं नाव लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडच्या. सप्टेंबरमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे स्टुटगार्टजवळ ब्यॉब्लिंगेनला राहायला गेलात. पुण्यात अकाउंट्समध्ये बरीच वर्षं नोकरी केली होती, घरचं-बाहेरचं सगळं तुम्हीच बघत होतात. आता डिसेंबर लागलाय. दुकानात काउंटरवर तोंड उघडायची धास्ती वाटते आणि दिवस घरातच जातो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तुमच्या दाराला एक पाटी अडकवली, तिचा अर्थ न कळल्यामुळे तुम्ही ती काढून ठेवलीत, आणि तेव्हापासून त्या नीट बोलत नाहीत. आईला फोनवर ‘सगळं मस्त चाललंय’ सांगता आणि फोन ठेवला की रडू येतं. रुळायला किती दिवस लागतात आणि नाहीच रुळले तर परत यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, नंतर काही वर्षं स्टुटगार्ट भागात राहिले. आता पुण्यात जर्मन शिकवते आणि चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांतून तिकडे निघालेल्या कुटुंबांची तयारी करून घेते. तुमच्यासारखे निरोप मला दर हिवाळ्यात येतात, आणि ते बहुतेक करून नोकरीवर गेलेल्या माणसाचे नसतात, त्याच्याबरोबर गेलेल्या माणसाचे असतात. उत्तर लांबणार आहे, कारण ‘हळूहळू सवय होईल’ या वाक्याचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही.

तुमच्या लिहिण्यात एकटेपणा आहेच. पण मला त्याखाली वेगळंच दुखणं दिसतं. पुण्यात तुम्हाला रोज शंभर गोष्टी विचार न करता येत होत्या. गॅस कधी नोंदवायचा, कुठल्या वाण्याकडे साबुदाणा चांगला मिळतो, रिक्षावाल्याशी कुठे वाद घालायचा आणि कुठे सोडून द्यायचं, सोसायटीत पाणी आलं नाही तर फोन कोणाला करायचा. हे शहाणपण तीस-पस्तीस वर्षांत अंगात मुरलेलं असतं, म्हणून ते शहाणपण आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. विमानातून उतरलात त्या दिवशी ते सगळं निकामी झालं. तुमच्या नवऱ्याचंही झालं, पण त्याला रोज आठ तास अशी जागा आहे जिथे त्याचं ज्ञान चालतं आणि लोक त्याला विचारायला येतात. तुम्हाला तशी जागा नाही. त्यात तो प्रेमापोटी घराबाहेरची सगळी कामं स्वतःच उरकतो, असं तुम्ही लिहिलंय. टपाल तो बघतो, बँक तो बघतो, शनिवारची खरेदी त्याच्या पुढाकाराने होते. म्हणजे शहाणपण पुन्हा मिळवायची जी काही संधी होती, तीही त्याच्याकडेच गेली.

म्हणून मी तुम्हाला मैत्रिणी शोधा, छंद जोपासा असं आधी सांगणार नाही. ते नंतर. आधी घरातली काही कामं तुमच्या नावावर घ्या.

पुढचं सगळं थोडंफार परिस्थितीवर अवलंबून आहे. लहान मूल असेल तर बालवाडीच्या निमित्ताने ओळखी आपोआप होतात, पण मोकळा वेळ उरत नाही. तुमच्या लिहिण्यात मुलाचा उल्लेख नाही, म्हणून ते धरलेलं नाही. ब्यॉब्लिंगेनसारख्या मध्यम गावात बर्लिनपेक्षा इंग्रजी कमी चालतं, पण माणसं लवकर चेहऱ्याने ओळखू लागतात. आणि तुमचं जर्मन किती झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ए-वन, म्हणजे पहिली पातळी, झालंय असं धरून चालते.

पहिलं काम पत्रपेटीचं. खाली जाऊन तुमच्या इमारतीतल्या पत्रपेट्या बघा. आपल्यासारखे फ्लॅट नंबर तिथे बहुधा नसतात. पोस्टमन बेलवरचं आणि पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. तुम्ही लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, आणि तुमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल, तर तुमच्या नावाने आलेलं पत्र ‘या पत्त्यावर ही व्यक्ती नाही’ असा शिक्का बसून परत जाऊ शकतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवते. जर्मनीत सगळं टपालाने येतं. अकरा अंकी कर क्रमांक, आरोग्य विम्याचं फोटो असलेलं कार्ड, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, तो तुम्ही दोघांनी नोंदवला असेलच. मग तुमच्या नावाचा कर क्रमांक आतापर्यंत यायला हवा होता. आला नसेल तर पेटीवर नाव नसणं हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे. तो केंद्रीय कर कार्यालयाकडून ऑनलाइन अर्ज करून पुन्हा मागवता येतो, पण तोही टपालानेच येतो, त्यामुळे आधी नाव लावा. घरमालकाला किंवा इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा. पाटी तयार होऊन येईपर्यंत कागदाच्या पट्टीवर दोन्ही आडनावं ठळक लिहून चिकटपट्टीने लावा. बेलवरही लावा.

मग पेटीची किल्ली नवऱ्याकडून मागून घ्या. टपाल आजपासून तुमचं खातं. रोज पेटी उघडायची, प्रत्येक पत्र फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायचं आणि एका वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कोणी पाठवलं, काय मागतायत, कधीपर्यंत. पिवळं पाकीट आलं तर ते सरकारी किंवा न्यायालयाचं असतं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून पाकीटही फेकायचं नाही. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र आलं तर दचकू नका, टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं. घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट, माणशी नाही, त्यामुळे दोघांच्या नावाने पत्रं आली तर एकाचं खातं दाखवून दुसरं बंद करून घ्या. तुम्ही अकाउंट्समधल्या आहात. महिनाभरात तुमच्या घरात कागदपत्रांचं तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही, आणि नवरा ‘हे कधी भरायचंय गं?’ असं तुम्हाला विचारू लागेल. मला तेच घडायला हवंय.

आता त्या पाटीबद्दल. तिच्यावर ‘केअरवोखं’ असं लिहिलेलं असणार. तुम्ही राहता त्या श्वाबेन भागाची ही खास पद्धत आहे आणि तिची मुळं पंधराव्या शतकातल्या स्टुटगार्टच्या नगरनियमांपर्यंत जातात. इमारतीचा जिना आणि सामाईक जागा भाडेकरूंनी आळीपाळीने झाडायच्या, पुसायच्या. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी, आणि आठवडा संपला की त्याने ती पुढच्या दाराला अडकवायची. तुम्ही ती काढून घरात ठेवलीत, त्यामुळे तुमच्या आठवड्यात जिना तसाच राहिला आणि पाटीही पुढे गेली नाही. त्या बाईंच्या नजरेत तुम्ही पाळी चुकवलीत. तुमच्याबद्दल, तुमच्या रंगाबद्दल किंवा देशाबद्दल त्यांच्या मनात काही असेलच असं लगेच धरू नका. स्टुटगार्टात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शेजाऱ्यांतही यावरून अबोला धरला जातो.

हे दुरुस्त करणं अगदी सोपं आहे, आणि ते नवऱ्याने करायचं नाही, तुम्ही करायचं. शनिवारी सकाळी, नऊनंतर, बादली घेऊन बाहेर पडा. वरून खाली झाडत या, मग पायऱ्या ओल्या फडक्याने पुसा, कठडा पुसा, जिन्यातल्या खिडकीची कडा पुसा. भाडेकरारात किंवा घराच्या नियमावलीत ‘मोठी’ पाळीही लिहिलेली असेल तर तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीपुढचा पदपथ त्यात येतो. बर्फ पडला तर तो पदपथावरून बाजूला काढणंही त्यात येतं, आणि कामाच्या दिवशी ते सकाळी सातच्या सुमारास झालेलं असावं लागतं, म्हणून फावडं कुठे ठेवलंय ते आत्ताच बघून ठेवा. जिना पुसून झाला की त्या बाईंची बेल वाजवा आणि म्हणा, ‘एन्टशुल्डिगुंग, इश हाबं दास निश्ट गेवुस्ट.’ माफ करा, मला हे माहीत नव्हतं. पुढे, ‘बिटं, त्साइगन झी मिअर दास.’ मला जरा दाखवाल का? हे दुसरं वाक्य सोडू नका. इमारतीत पाणी कुठून घ्यायचं, फडकी कुठे वाळत घालायची, कचऱ्याचं वेळापत्रक कुठे चिकटवलंय हे सगळं त्या तुम्हाला हाताला धरून दाखवतील. त्या भागातल्या वयस्कर बायका नियम मोडणाऱ्यावर जितक्या रागावतात, तितक्याच मनापासून नियम शिकवतात. माझ्याकडे शिकून गेलेल्या बाणेरच्या एका मुलीची तिथली पहिली ओळख अशीच जिन्यात झाली. त्याच आजी पुढे तिला चालकपरवान्याच्या लेखी परीक्षेचे प्रश्न विचारून तयारी करून घ्यायच्या.

कचऱ्याचंही शेजारणीलाच विचारा. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, त्यामुळे मी इथून सांगितलेलं तुमच्याकडे चुकीचं ठरू शकेल. भाजीची सालं, कागद, वेष्टनं आणि उरलेलं असे चार भाग मात्र बहुतेक ठिकाणी असतात. काच वेगळ्या टाकीत, आणि ती रविवारी किंवा रात्री टाकायची नाही, खळखळाट होतो म्हणून. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली घालून परत घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, रविवारी दिवसभर. कुकरच्या शिट्ट्यांना सहसा कोणी काही म्हणत नाही, पण इडलीचं पीठ मिक्सरवर वाटायचं ते शनिवारी दुपारी.

दुकानातली धास्ती. तुम्हाला वाटतंय की काउंटरवरची मुलगी काहीही विचारेल. ती साधारण चारच गोष्टी विचारते: नमस्कार, दुकानाचं सवलत कार्ड आहे का, कार्डने की रोख, पावती हवी का. उत्तरं ‘नाइन, डांकं’, ‘मिट कार्टं, बिटं’ आणि ‘या, बिटं’ एवढ्यात भागतात. खरी अडचण भाषेची कमी आणि वेगाची जास्त असते. ती वस्तू भराभर पुढे सरकवते आणि पिशवीत आपण स्वतः भरायच्या असतात. रांगेत मागचे लोक बघताहेत असं वाटून आपली तारांबळ उडते. सगळं सरळ सामानाच्या ढकलगाडीत परत टाका, पैसे द्या, आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन निवांत पिशव्या भरा. तिथले लोकही तेच करतात. आठवड्यातून चार दिवस, सकाळी दहाच्या सुमारास गर्दी नसते तेव्हा, एकाच दुकानात आणि एकाच बेकरीत जा. दर वेळी एकच नवीन वाक्य बोलायचं. बेकरीतली बाई दोन आठवड्यांत तुम्हाला ओळखू लागेल.

एक तातडीची गोष्ट, कारण डिसेंबर चालू आहे. २४ तारखेला दुपारनंतर दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला पूर्ण बंद असतात, आणि रविवारी तर एरवीही बंदच. तुमच्या राज्यात ६ जानेवारीलाही सुट्टी असते. दूध, भाजी, औषधं आधी भरून ठेवा. पहिल्या नाताळात रिकामा फ्रिज आणि ओस रस्ते हे दोन्ही एकदम अंगावर येतं. त्या तीन दिवसांसाठी काहीतरी ठरवून ठेवा, एखाद्या मराठी घरी जेवायला जाणं का असेना.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचं जेवण जमलं की निम्मं मन स्थिर होतं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, डाळी तुर्की दुकानात मिळतात. ४०५ क्रमांकाचं पीठ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात; १०५० घ्या किंवा भारतीय दुकानातलं आट्याचं पोतं आणा. नवलकोल पुण्यापेक्षा कोवळा मिळतो. आणि डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला क्वार्क, म्हणजे तिथलं मऊ ताजं चीज, रात्रभर फडक्यात टांगून ठेवलात तर चक्क्याचं काम चोख करतो. श्रीखंडाची वाटी घेऊन शेजारणीकडे जायला हरकत नाही, पण जिना पुसल्यानंतर.

फोडणीनंतर खिडकी सताड उघडा. एरवीही दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची, थंडी असली तरी. दिवसभर किलकिली ठेवायची नाही. बंद घरात कपडे वाळवले आणि स्वयंपाक केला की भिंतीवर बुरशी येते, आणि घर सोडताना तिचा खर्च अनामत रकमेतून मागितला जातो.

आता हिवाळ्याबद्दल, कारण तुमच्या रडण्यात त्याचाही वाटा आहे. पुण्यात डिसेंबरातही सहापर्यंत उजेड असतो. तुमच्याकडे या दिवसांत आठनंतर उजाडतं आणि साडेचारला मावळतं, मध्येही बहुतेक ढग. तुम्ही दुपारी तीनला बाहेर पडायचा विचार करता, आवरेपर्यंत अंधार पडतो आणि राहून जातं. माझ्या विद्यार्थ्यांना मी यात सूट देत नाही: अकरा ते दोनच्या मध्ये रोज तासभर घराबाहेर. पाऊस असो, ढग असोत, काम असो वा नसो. त्यासाठी जाड जॅकेटपेक्षा पाणी आत न येणारे बूट आधी घ्या. तुम्ही घरी बसून ज्या हिवाळ्याबद्दल मत बनवताय, त्यातला थोडाफार प्रकाश तुमच्या वाट्याला यायलाच हवा. एप्रिलपासून चित्र पालटतं आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तो देश आवडतो की नाही हे डिसेंबरात ठरवू नका.

फोनचं थोडं कठोरपणे सांगते. सध्या तुमच्या आणि पुण्याच्या वेळेत साडेचार तासांचं अंतर आहे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन होईल. तुम्ही सकाळी नवऱ्याला डबा दिल्यावर आईला फोन लावता, तेव्हा तिच्याकडे दुपारचं जेवण उरकलेलं असतं. मग बहीण, मग मैत्रीण, मग कुटुंबाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ, आणि तुमच्याकडचा उजेडाचा सगळा वेळ पुण्याच्या दुपारीत निघून जातो. फोन बंद करा असं मी म्हणत नाही. तो संध्याकाळी साडेचार-पाचला लावा. तुमच्याकडे अंधार पडलेला असतो आणि पुण्यात रात्रीचे नऊ-साडेनऊ, आईही जेवून निवांत बसलेली असते. शिवाय तोपर्यंत तुमच्याकडे सांगायला काहीतरी घडलेलं असतं.

आणि आईला खरं सांगा. ‘मस्त चाललंय’ हे तिला आवाजावरून पटत नसणारच. ‘मला इथे कंटाळा येतो, भाषा येत नाही, आज जिना पुसला’ असं सांगितलंत तर ती दोन प्रश्न जास्त विचारेल, रात्री थोडी काळजी करेल, पण फोन ठेवल्यावर तुम्हाला खोटं बोलल्याचं ओझं राहणार नाही.

भाषेसाठी गावातल्या फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे नगरपालिकांच्या आधाराने चालणाऱ्या प्रौढ शिक्षण केंद्रात, नाव घाला. वसंत ऋतूचं सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं आणि जागा आधीच भरतात, म्हणून नोंदणी या महिन्यात. ऑनलाइन वर्ग स्वस्त असतात, मी स्वतःही घेते, पण तुमच्या बाबतीत समोरासमोरचाच वर्ग हवा. तिथे सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची माणसं तुमच्याइतकीच अडखळत बोलतात आणि चहाच्या सुट्टीत दुसरी सामाईक भाषा नसते. स्थानिक लोकांचा श्वाबिश हेल मात्र पुस्तकातल्या जर्मनसारखा अजिबात नाही. पुण्यात बी-टू, म्हणजे चौथी पातळी, करून गेलेल्यांनाही पहिले काही आठवडे ते कळत नाही, तेव्हा तो तुमचा कमीपणा समजू नका. ‘बिटं, लांगझाम’ म्हणा, आणि समोरच्याने इंग्रजी सुरू केलं तरी तुम्ही जर्मनलाच धरून राहा.

माणसांकडे आता येते. मराठी मंडळींचे ग्रुप असतीलच, गणपतीत सगळे भेटतात, त्यांचा आधार जरूर घ्या. पण आठवड्याची एक तरी संध्याकाळ किंवा सकाळ मराठीबाहेरची असू द्या. तिथे ओळखी संस्थांमधून होतात, गप्पांमधून नाही. सिंहगडावर जायची सवय होती असं तुम्ही लिहिलंय, तर श्वेबिशर आल्बफेराइन ही १८८८ सालापासूनची डोंगरभटक्यांची संघटना आहे, तिच्या गावोगावी शाखा आहेत आणि ठरलेल्या दिवशी एकत्र चालायला जातात. चालताना बाजूला बघत बोलता येतं, व्याकरण चुकलं तरी चालतं, आणि गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. नवशिक्या माणसाला जेवणाच्या टेबलापेक्षा हे फार सोपं जातं. कोणी ‘पुढच्या महिन्यात भेटू’ म्हणालं तर ती टाळाटाळ नसते, ते खरोखर वहीत लिहितात.

घरात बसवेनासं झालं तर एस-वन ही लोकल पकडून स्टुटगार्टच्या मिलानो चौकातल्या मोठ्या ग्रंथालयात जा. २०११ मध्ये उघडलेली पांढरी घनाकार इमारत आहे, आत बसायला काही पैसे पडत नाहीत, दिवसभर बसलात तरी कोणी उठवत नाही. जर्मनी तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-गाड्यांचा महिन्याचा पास, २०२५ मध्ये ५८ युरोंना होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झालं. नोकरी नसताना एवढा खर्च कशाला, असा विचार तुमच्या मनात येईल. करा. घराबाहेर पडताना दर वेळी भाड्याचा हिशेब करावा लागला तर तुम्ही पडणारच नाही.

डॉक्टरही आजारी पडायच्या आधी शोधा. पुण्यात ताप आला की संध्याकाळी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन बसता येतं, तिथे आधी वेळ घ्यावी लागते आणि काही दवाखाने नवीन पेशंट घेतच नाहीत. तुम्ही सध्या कमवत नाही आणि नवरा सरकारी पद्धतीच्या विम्यात असेल, तर त्याच्या विम्यात तुमचा समावेश वेगळा हप्ता न भरता होतो. फक्त अर्ज केलाय का ते बघा. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. आणि हे नीट वाचा: झोप उडालीय, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही असं सलग दोन आठवडे चाललं, तर त्याला ‘रुळणं’ समजून अंगावर काढू नका. त्याच डॉक्टरांना सांगा. हिवाळ्यात हे तिथे नवीन नाही, ते नीट ऐकून घेतात.

पुढच्या आठवड्याचा क्रम मी असा लावला असता: सोमवारी पेटीवर नाव आणि किल्ली ताब्यात, मंगळवारी बेकरी, बुधवारी विम्याचा कागद शोधून डॉक्टरकडे नाव नोंदवायला, गुरुवारी भाषेच्या वर्गाची नोंदणी, शनिवारी जिना. नवऱ्याला हे वाचायला द्या. त्याने मदत करायची, पण शेजारी उभं राहून. तुमच्या तोंडचं वाक्य त्याने पुरं करायचं नाही.

किती दिवस लागतील? कामं स्वतः हातात घेतलेल्यांना साधारण पहिला उन्हाळा येईपर्यंत पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं, असा माझा अनुभव आहे. ओळखीचे लोक आणि थट्टामस्करी कळण्याइतकी भाषा यायला दोन वर्षं तरी धरा. परत यायचं की नाही हे मे-जूनमध्ये ठरवा. तोपर्यंत नवऱ्याचा नोकरीतला परीक्षाकाळ, जो तिथे सहा महिन्यांपर्यंत असतो, संपलेला असेल आणि तुम्ही उजेडातलं गावही पाहिलेलं असेल. तेव्हाही परत यावंसं वाटलं तर या, त्यात हरल्यासारखं काही नाही. फक्त घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची असते, ते हिशेबात धरा.

नोकरीबद्दल आज मुद्दाम थोडंच लिहिते. अकाउंट्सच्या कामाला डॉक्टर किंवा शिक्षकासारखी सरकारी मान्यता लागत नाही, आणि नवऱ्याबरोबर आलेल्या जोडीदाराला सहसा कुठलीही नोकरी करायची परवानगी असते. तुमच्या निवास कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे का ते तपासा. तुमचं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत कशी दाखवली आहे तेही बघून ठेवा. नवरा ब्ल्यू कार्डवर आहे की दुसऱ्या परवान्यावर, तुमचं जर्मन कुठवर झालंय आणि पुण्यात तुम्ही नेमकं काय बघत होतात, पगारपत्रक, करविवरणं की लेखापरीक्षण, हे कळवलंत तर त्यावर वेगळं उत्तर लिहीन.